मोर्चाआधी कलम वाचा

केंद्र सरकारच्या चार कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या. एकोणतीस जुने कायदे गेले आणि त्यांच्या जागी या चार संहिता आल्या. तेव्हापासून कामगारांच्या वस्त्यांत एक वाक्य फिरते आहे: आता संपाची नोटीस साठ दिवस आधी द्यावी लागते. खापरखेड्यासारख्या गावात, जिथे वीज केंद्राच्या चिमणीखाली पिढ्या वाढल्या, हे वाक्य कुणालाही खरेच वाटेल. पण ते खरे नाही.

औद्योगिक संबंध संहितेचे 62 वे कलम सांगते की नोटीस दिल्यावर चौदा दिवस संप करता येणार नाही. साठ दिवस ही त्या नोटिशीची मुदत आहे. तेवढ्या दिवसांत संप झाला नाही, तर नवी नोटीस द्यावी लागेल. आणि वीज कामगारांना तर चौदा दिवसांची ही अट 1947 च्या जुन्या कायद्यापासूनच होती, कारण वीजपुरवठा ही सार्वजनिक उपयोगाची सेवा. त्या कायद्यात नोटिशीची मुदत सहा आठवडे, म्हणजे बेचाळीसच दिवस होती. नवे हे की तीच अट आता सर्व कारखान्यांना लागू झाली. निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी नैमित्तिक रजा घेतली, तर तोही आता संप धरला जातो. बेकायदा संपाचा दंड पूर्वी पन्नास रुपयांपर्यंत होता, तो आता एक हजार ते दहा हजार झाला आहे. एक महिन्यापर्यंतची कैद आधीही होती, आताही आहे. मोर्चात सांगायच्या गोष्टी या आहेत. साठ दिवसांची चुकीची घोषणा दिली की समोरचा अधिकारी हसून कलम दाखवतो आणि आपली खरी तक्रारही त्या हसण्यात वाहून जाते.

बाबासाहेबांनी हे काम कसे केले ते आठवावे. 1938 साली मुंबई प्रांताच्या सरकारने औद्योगिक तंट्यांचे विधेयक आणले. बाबासाहेब त्या वेळी विधिमंडळात होते. 15 सप्टेंबरला ते विधेयकावर बोलले, ते विधेयकाचा शब्द न् शब्द तपासून. संप म्हणजे फार तर कराराचा भंग, दिवाणी बाब. तिला गुन्हा ठरवणे म्हणजे माणसाला त्याच्या मनाविरुद्ध राबवणे, म्हणजेच गुलाम करणे, अशी त्यांची मांडणी होती. विधेयक तरीही मंजूर झाले. मग 7 नोव्हेंबरला स्वतंत्र मजूर पक्षाने कम्युनिस्टांसह मुंबईत एक दिवसाचा संप घडवला. त्या दिवशी गिरणी कामगाराला आपण कशाविरुद्ध उभे आहोत ते ठाऊक होते.

आता खापरखेड्याकडे येऊ. 210 मेगावॅटचे चार संच आणि 500 चा एक, असे हे 1340 मेगावॅटचे केंद्र कोळशावर चालते. जिथे कोळसा जळतो तिथे राख निघते, आणि राखेसोबत झाडलोट, सफाई आणि चढ-उताराची कामे आलीच. अशा कामांत ठेकेदाराचा माणूस असतो, आणि तो बहुधा आपल्याच घरचा असतो.

त्याच्यासाठी महत्त्वाची संहिता वेगळी. तिचे नाव लांबलचक आहे: व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, 2020. ती सांगते की उद्योगाच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार लावता येणार नाही. ऐकून बरे वाटते. पण व्याख्येपर्यंत जा. उद्योग त्याच कामासाठी काढलेला नसेल, तर झाडलोट, साफसफाई, सर्व प्रकारचा कचरा गोळा करून त्याची विल्हेवाट, पहारा, उपाहारगृह, माल चढवणे-उतरवणे, बागकाम ही सारी कामे मुख्य कामातून वगळली आहेत. शिवाय मुख्य काम असले, तरी ते रूढीने ठेकेदाराकडूनच होत असेल तर त्यालाही सूट आहे. ही यादी पाहा आणि तिच्यात कुणाची माणसे आहेत ते मोजा. जातीने ज्यांच्या हाती झाडू दिला, त्यांचे काम कायद्याने ‘मुख्य नाही’ असे लिहिले गेले. 1999 साली सर्वोच्च न्यायालयाने हरियाणा वीज मंडळाच्या पानिपत औष्णिक केंद्रातील कंत्राटी सफाई कामगारांच्या बाजूने निकाल दिला होता. मधला ठेकेदार केवळ नावाचा आहे, असे त्या प्रकरणात ठरले. असे वाद यापुढे या यादीशी टक्कर देत लढावे लागतील. औष्णिक केंद्रातली राख उचलणे हे कचऱ्याची विल्हेवाट की वीजनिर्मितीचाच भाग? शेकडो घरांची चूल या प्रश्नावर पेटते किंवा विझते, आणि साठ दिवसांच्या गलक्यात तो कुणी विचारतच नाही.

वाचण्यासाठी वकील व्हायला नको. मजकूर इंग्रजी-हिंदीत आहे, भाषा जड आहे, हे खरे. पण शिकलेली मुलगी आता घराघरांत आहे. रविवारच्या वंदनेनंतर विहारात तिने एक कलम वाचावे, मोठ्यांनी प्रश्न विचारावेत. चार संहिता एकदम हाती घेऊ नयेत, कंटाळा येईल. कंत्राटी कामगारांपासून सुरुवात करावी.

त्यात एक गोष्ट लगेच उपयोगाची आहे. याच संहितेच्या 6 व्या कलमाप्रमाणे मालकाने प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचे आहे. जुन्या कामगारांनाही संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांत ते मिळायला हवे होते. ठेकेदाराकडे ते लेखी मागा, मागणीची प्रत जवळ ठेवा, आणि मिळालेल्या पत्रात कामाचे नाव काय लिहिले आहे ते सहीआधी वाचा.