लहान सेंद्रिय शेताचे हंगाम व शेतावरील मेळे

पौष महिन्यातील रविवारी सकाळी स्वारगेटच्या चौकात उभे राहिले असता दोन प्रवाह दृष्टीस पडतात. सातारा, सासवड व सोलापूर या बाजूंचा भाजीपाला घेऊन येणारी वाहने गुलटेकडीच्या बाजार आवाराकडे वळत असतात. आणि त्याच वेळी शहरातील कुटुंबे मुलाबाळांसह हुरडा खावयास त्याच रस्त्यांनी बाहेर निघालेली असतात. एका प्रवाहात माल माणसाकडे जातो, दुसऱ्यात माणूस मालाकडे येतो. ज्यास दोन-चार एकरांचे शेत रासायनिक खतावाचून व विषारी औषधावाचून चालवावयाचे आहे, त्याने या दुसऱ्या प्रवाहाचा नीट विचार करणे अगत्याचे आहे. तो विचार वाचकांपुढे ठेवावा, एवढ्याचसाठी हा लेख लिहीत आहो.

बाजारात सेंद्रिय वांगे व इतर वांगे शेजारी ठेवली, तर ती ओळखणारा डोळा कोणासही नाही. यासाठी दाखल्याची योजना झाली. सन २००१ पासून राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम अमलात आहे. त्यात हंगामी पिकास दोन व फळझाडांस तीन वर्षांचा संक्रमणकाळ पाळावा लागतो. त्याचा खर्च लहान शेतकऱ्यास झेपत नाही, हे ओळखून सन २०११ मध्ये सहभाग हमी पद्धती सुरू झाली. तीत निदान पाच शेतकऱ्यांचा गट करावा लागतो, व गटातील शेतकरीच एकमेकांची शेते तपासतात. सन २०१७ च्या अन्नसुरक्षा नियमांत तर लहान उत्पादकाने स्वतःचा माल थेट खाणाऱ्यास विकला, तर त्यास दाखल्यापासून सूट दिलेली आहे. ही सूट सोयीची खरी. परंतु तीमुळे सारा भार विश्वासावर येतो. ग्राहकाने शेत स्वतः पाहिलेले असणे, हाच मग दाखला ठरतो. शेतावरील मेळ्याचे खरे प्रयोजन येथे आहे. करमणूक हा त्याचा आनुषंगिक लाभ होय.

जुन्या चालीरीतींचा अर्थ

शेतावर माणसे जमविणे ही कल्पना आमच्याकडे नवी नाही. इर्जिकेची चाल वृद्ध वाचकांस स्मरत असेल. ज्याची नांगरट मागे पडली असेल त्याच्या शेतावर गावचे शेतकरी आपापले बैल व नांगर घेऊन जात आणि एका दिवसात काम उरकीत. मजुरी कोणी घेत नसे. यजमानाने पोटभर जेवण घालावयाचे, एवढाच व्यवहार. सावडीत तर काम कामानेच फेडावयाचे असे. लातूर, धाराशिव व सोलापूर या भागांत मार्गशीर्ष अमावास्येस वेळ अमावास्या, म्हणजे तिकडील बोलीत येळवस, आजही पाळतात. त्या दिवशी ज्वारीच्या उभ्या पिकात पांडव मांडून पूजा होते, आणि शहरातील आप्तेष्टांस शेतात बोलावून भज्जी व आंबील वाढतात. या सर्व चालींत एक सूत्र आहे. जेवण आहे, परंतु त्याच्या मागे पीक आहे किंवा काम आहे. हे सूत्र सुटले की मेळ्याचा तमाशा होतो.

वर्षाचा क्रम

शहरातील मंडईत सर्व भाज्या बारा महिने मिळतात. सेंद्रिय शेतात तसे होत नाही व होऊही नये. अवेळी लावलेल्या पिकावर कीड अधिक पडते, आणि औषध वापरावयाचे नसल्याने ते पीक हातचे जाते. म्हणून हंगाम पाळणे हे येथे कीडनियंत्रणाचेच एक अंग समजावे, आणि कोणत्या महिन्यात काय मिळेल व काय मिळणार नाही, हे ग्राहकास आरंभीच सांगावे.

स्वारगेटपासून सुमारे तीस किलोमीटरवरील सासवडचा, म्हणजे पुरंदरचा टापू उदाहरणार्थ घेऊ. तेथे श्रावण-भाद्रपदात वाटाणा निघतो, त्यामागून सीताफळ येते. अंजिराचा खट्टा बहार हिवाळ्यात व मिठा बहार उन्हाळ्यात हाती येतो; या अंजिरास सन २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. खरिपाचा भुईमूग आश्विनात उपटावयास येतो. त्या वेळी पाहुण्यांस शेंगा तोडण्याचे काम खुशाल द्यावे. ते बसून होते व मुलांसही जमते. मात्र विळा घेऊन करावयाच्या कापणीस नवख्या माणसास लावू नये. पीकही तुडविले जाते व बोटेही कापतात.

आश्विन शुद्ध प्रतिपदेची घटस्थापना म्हणजे घरोघर होणारी बियाण्याची परीक्षाच आहे. मातीत पेरलेले धान्य नऊ दिवसांत कसे उगवते, हे सर्वांच्या डोळ्यांपुढे असते. रब्बीच्या पेरणीपूर्वी हीच परीक्षा मोजून करावी. ज्वारीचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावे. पंचाहत्तरांहून कमी उगवले, तर बियाणे बदलावे किंवा त्या मानाने अधिक पेरावे. पुढे भोगीच्या दिवशी जी लेकुरवाळी भाजी करितात, तीत पावटा, घेवडा, वांगे, गाजर, हरभऱ्याचे सोलाणे व तीळ असतात. त्या आठवड्यात आमच्या शेतात काय काय उभे आहे, याची ती यादीच होय. भोगीच्या आदल्या दिवशी या भाज्यांची एकत्र टोपली करून दिली, तर किरकोळ वाटणारे पाच-सहा वाफेही पदरात काही टाकून जातात.

हुरडा

या सर्व मेळ्यांत हुरड्याचा मेळा मुख्य, आणि त्याचे शास्त्र समजून घेण्याजोगे आहे. ज्वारीच्या कोवळ्या दाण्यात साखर असते. दाणा पक्व होऊ लागला की तिचे पिष्ट बनते व गोडी जाते. फुलोऱ्यानंतर साधारण तीन-चार आठवड्यांनी दाणा चिकातून बाहेर पडतो, परंतु कठीण झालेला नसतो. तीच हुरड्याची वेळ. दाणा दाबून पाहावा. दूध उडाले तर लवकर झाले. दाबला गेला नाही तर उशीर झाला. हा काळ आठ-दहा दिवसांहून अधिक टिकत नाही.

याकरिता हुरड्याची ज्वारी एकदम पेरू नये. भाद्रपद-आश्विनात आठ-आठ दिवसांच्या अंतराने तीन-चार तुकड्यांत पेरावी. सुरती व गुळभेंडी हे जुने वाण गोडीस चांगले व मळणीस सोपे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने फुले उत्तरा हा वाण खास हुरड्यासाठी दिला आहे. भाकरीच्या ज्वारीसाठी मोहोळ येथे निवडलेली मालदांडी आहेच. गोड दाण्यावर पोपट तुटून पडतात, म्हणून माळा व गोफण सज्ज ठेवावी. आगटीत शेणाच्या गोवऱ्यांचा निखारा करावा, ज्वाळ नसावी. ज्वाळेने कणीस वरून करपते व आत कच्चे राहते. कणसे काढावयाच्या कामावर अनुभवी माणूस नेमावा.

कणसे काढून घेतलेली हिरवी ताटे ही जनावरांस उत्तम वैरण आहे. परंतु ताटे कापल्यावर बुडख्यास जे कोवळे फुटवे येतात, त्यांत विष असते व ते खाऊन जनावर दगावू शकते. पाहुण्यांच्या गडबडीत बैल किंवा शेळी त्या वावरात शिरणार नाही, याची खबरदारी घ्यावी.

आमची एक चूक

अनुभवावाचून उपदेश करू नये म्हणून स्वतःची गोष्ट सांगतो. एका वर्षी आम्ही सारा हुरडा एकाच दिवशी पेरला. पहिल्या रविवारी पाहुणे तृप्त झाले; दुसऱ्या रविवारपर्यंत दाणा कठीण झाला. बोलावणी तर गेलेली होती. तेव्हा शेजारच्या शेतातून कणसे आणली. त्या शेतास युरिया घातलेला होता, हे आम्हांस ठाऊक होते. आगटी पेटली, कणसे भाजली, आणि एका वृद्ध बाईंनी सहज विचारले, “यातली तुमची कोणती?”

आम्ही खरे सांगितले. काही मंडळी नाराज झाली, दोन कुटुंबे न जेवता उठली, आणि त्या दिवसाचे पैसे आम्हांस परत करावे लागले. बाई मात्र जेवल्या, व पुढील वर्षी पुन्हा आल्या. त्या प्रश्नाआधीच आम्ही सांगावयास हवे होते, ही रुखरुख अद्याप आहे. कणसाच्या चवीवरून तो भेद कोणासही कळला नसता. म्हणूनच तो लपविणे सोपे, आणि म्हणूनच ते सर्वस्वी वर्ज्य. बाहेरून आणलेला माल आपला म्हणून वाढणारे शेत पाहुण्यांस काही दिवस फसवील; परंतु त्या दिवसापासून ते सेंद्रिय शेत राहिले नाही, हे निदान मालकास तरी माहीत असते.

शहराचे देणे

शेवटी खताचा विचार. खडकवासल्याचा मुठा उजवा कालवा स्वारगेटजवळून हडपसरकडे जातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुणे नगरपालिकेचे सोनखत कालव्यावरील बागायतदार विकत घेत. शहराने खावे व शहरानेच जमिनीस परत द्यावे, असे ते चक्र होते. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथील कामावरून सन १९३१ मध्ये कंपोस्टची जी पद्धत जगापुढे मांडली, तिचेही तत्त्व हेच. मेळ्यानंतर उरलेल्या पत्रावळी, कणसांची बुरकुंडे, भाज्यांची देठे व आगटीची राख खड्ड्यात जावी. शेण, माती व पाणी यांचे थर द्यावे. पाहुण्यांनी येताना प्लॅस्टिक आणू नये, हे बोलावण्यातच लिहावे.

सारांश, शेतकरी बंधूंनी इतके पाळावे. जितके पिकले तितक्याच माणसांस बोलवावे. जे आपले नाही ते आपले म्हणू नये. शेताचा कोणताही कोपरा, खताचा खड्डा व औषधाची खोलीसुद्धा, पाहुण्यास बंद ठेवू नये. अशा शेतावरून सायंकाळी स्वारगेटला परतणारे कुटुंब केवळ पोट भरून जात नाही. ते आपल्या शेताचे साक्षीदार होऊन जाते. लहान शेतास याहून स्वस्त व याहून टिकाऊ असा दुसरा दाखला नाही.