मध विकायच्या आधी पेटी राखायला शिका: गांधीलमाशी, लुटारू माश्या आणि मेणकिडा यांचा बंदोबस्त



मधमाशीपालन सुरू करू पाहणारे बहुतेक जण पहिलाच प्रश्न विचारतात, "एका पेटीतून मध किती निघतो?" प्रश्न चांगलाच आहे, पण त्याच्या आधी आणखी एक प्रश्न येतो. आज माश्यांनी भरलेली पेटी पुढच्या हंगामात भरलेली राहील का? आजचा लेख त्याच्यावर आहे.

आधी हिशेब करूया

समजा, तुमच्याकडे सातेरी माश्यांच्या १० पेट्या आहेत. समजा, एका पेटीतून वर्षाला ५ किलो मध मिळतो आणि तुम्ही तो ५०० रुपये किलोने विकता. म्हणजे वर्षाचे २५,००० रुपये. हे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत, तुम्ही तुमच्या भागातले टाका.

आता पावसाळ्यात ३ पेट्या रिकाम्या झाल्या. मधाचे ७,५०० रुपये तर गेलेच, शिवाय ३ नव्या वसाहती विकत घ्याव्या लागतील. त्या ताकदीच्या होईपर्यंत मधाचा हंगामही निघून जाऊ शकतो. मध कमी निघाला तर एका वर्षाची कमाई कमी होते. वसाहत गेली तर भांडवलच जातं. दुकानदार गल्ल्याइतकीच गोदामाचीही काळजी घेतो, तसंच हे आहे.

शत्रू नेमका कधी येतो?

सह्याद्रीच्या पट्ट्यात, उदाहरणार्थ महाबळेश्वर परिसरात, जांभूळ, हिरडा, गेळा यांच्या फुलोऱ्यावर उन्हाळ्यात चांगला मध जमतो. मग पाऊस लागतो. माश्यांना बाहेर पडता येत नाही, फुलं कमी होतात, राणीचं अंडी घालणं मंदावतं आणि पेटीतली संख्या घटते.

एका अंड्यातून कामकरी माशी तयार व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. म्हणजे आज मेलेल्या माशीची जागा भरायला तेवढा वेळ हवा, आणि पावसाळ्यात ती भरतही नाही. येणं कमी आणि जाणं जास्त झालं की धंदा बुडतो, पेटीचंही तेच होतं. भरलेल्या पेटीवर दहा गांधीलमाश्या आल्या तर ती निभावून नेते. अर्धी रिकामी पेटी खचते.

आजच्या लेखातली मुख्य गोष्ट हीच: शत्रू कमजोर पेटी शोधतो. म्हणून पहिला बंदोबस्त म्हणजे वसाहत ताकदीची ठेवणं. बाकीचे उपाय त्याच्यानंतर.

१. गांधीलमाशी

गांधीलमाशी पेटीच्या दारासमोर घिरट्या घालते आणि येणारी-जाणारी माशी हवेतच पकडते. डोकं, पंख, पोट तोडून मधला भाग पिल्लांसाठी घेऊन जाते, आणि पुन्हा येते.

आपली सातेरी माशी तशी हुशार आहे. पहारेकरी माश्या एकदम अंग हलवून लाट उठवतात. गांधीलमाशी फार जवळ आली तर शेकडो माश्या तिच्याभोवती गोळा करतात आणि अंग थरथरवून उष्णता वाढवतात. गोळ्याच्या आतलं तापमान ४५ अंशांच्या पुढे जातं. मधमाश्या ते सहन करतात, गांधीलमाशी मरते. युरोपातून आलेल्या मेलिफेरा माशीला हे तंत्र इतकं जमत नाही.

पण या लढाईची किंमत असते. सतत हल्ला होत असेल तर माश्या बाहेर जायच्या बंद होतात, म्हणजे मकरंदही येत नाही आणि परागही नाही. आणि सातेरीचा स्वभाव असा, की त्रास फार वाढला तर ती पेटी सोडून निघून जाते. मग मागे फक्त लाकूड उरतं.

काय करायचं?

- पेटीचं दार लहान करा. एका वेळी दोन-तीन माश्या जातील एवढंच ठेवा. लहान दार राखायला थोडे पहारेकरी पुरतात.
- पेटीच्या फटी, भोकं बुजवा. दार एकच हवं.
- हल्ल्याच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ उभे राहा आणि दाराशी आलेली गांधीलमाशी लाकडी फळीने मारा. अंगात पूर्ण कपडे आणि तोंडावर जाळी हवीच. ती पुन्हा पुन्हा डंख मारू शकते.
- सापळा लावणार असाल तर त्यात मध टाकू नका, नाहीतर तुमच्याच माश्या आत अडकतील.
- पेट्यांजवळ मोठं पोळं असेल तर ते काढायला जाणकार माणूस बोलवा. स्वतः दगड मारणं, जाळणं जिवावर बेतू शकतं.
- पेटीजवळ कीटकनाशक अजिबात फवारू नका. औषधाला शत्रू आणि मित्र यातला फरक कळत नाही.

लांबच्या प्रत्येक पोळ्याच्या मागे लागू नका. गांधीलमाश्या पिकावरच्या अळ्याही खातात.

२. लूट: शेजारच्या पेटीतलेच चोर

फुलं नसली की ताकदीच्या पेटीतल्या माश्या कमजोर पेटीतला मध पळवतात. नवीन माणसाला वाटतं, "वा, आज पेटीवर काय गर्दी आहे!" ती गर्दी लुटीची असू शकते.

ओळखायचं कसं? लुटीच्या वेळी दारावर झटापट दिसते, मेलेल्या माश्या पडतात, काही माश्या फटीतून घुसायला बघतात आणि तळाशी मेणाचा चुरा जमतो. तरुण माश्या दुपारी उडायचा सराव करतात तेव्हा त्या पेटीकडे तोंड करून शांतपणे तरंगतात, आणि थोड्या वेळात सगळं थांबतं. तिथे काळजी नको.

बहुतेक वेळा लूट आपल्याच हाताने सुरू होते. म्हणून साखरेचा पाक संध्याकाळी द्या, पेटीच्या आत द्या, सगळ्या पेट्यांना एकाच दिवशी द्या. थेंब सांडला तर लगेच पुसा. मधाची चौकट उघड्यावर ठेवू नका. मध काढायचं काम बंद खोलीत करा.

लूट सुरू झालीच, तर त्या पेटीचं दार एक माशी जाईल इतकं बारीक करा, फटी बंद करा, पेटीवर ओलं कापड टाका आणि पाक काढून घ्या.

३. मेणकिडा

हा एका पतंगाचा किडा. पतंग रात्री येऊन फटीत अंडी घालतो. अळ्या पोळ्यात बोगदे करतात आणि मागे पांढरं जाळं सोडतात. भरलेल्या पेटीत माश्याच अळ्या बाहेर काढतात. रिकामं पोळं दिसलं की किड्याचं फावतं.

- माश्या जेवढी पोळी झाकू शकतात तेवढीच आत ठेवा.
- जुनी, काळी पडलेली पोळी काढा आणि वितळवून मेण करा. मेणालाही गिऱ्हाईक आहे.
- दर आठवड्याला पेटीचा तळ साफ करा आणि कचरा पेटीपासून लांब नेऊन जाळा किंवा पुरा.
- काढून ठेवलेली चांगली पोळी दिवसभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा. अंडी आणि अळ्या दोन्ही मरतात. नंतर घट्ट बंद पिशवीत भरा.

४. मुंग्या, सरडे आणि वेडा राघू

पेटी जमिनीवर ठेवू नका. चार पायांच्या स्टँडवर ठेवा आणि प्रत्येक पायाखाली पाण्याची वाटी द्या. आठवड्याला पाणी बदला, नाहीतर डास होतील. गवत किंवा फांदी पेटीला टेकली की मुंग्यांना पूल मिळाला, म्हणून आजूबाजूला साफ ठेवा. पाली, सरडे आणि बेडूक यांनाही उंच स्टँडमुळे दारापर्यंत पोचणं अवघड जातं.

वेडा राघू आणि कोतवाल हे पक्षी उडत्या माश्या टिपतात. ते विजेच्या तारेवर बसून शिकार करतात, म्हणून तारेखालची जागा टाळा आणि झाडाच्या सावलीची निवडा. पक्ष्यांना इजा करू नका. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि ताकदीच्या वसाहतीला एवढं नुकसान झेपतं.

आठवड्याचा एक तास

एका पेटीला पाच मिनिटं धरली तर १० पेट्यांना ५० मिनिटं. एक वही ठेवा आणि पेटीला नंबर द्या. दर आठवड्याला पाच गोष्टी लिहा:

१. किती चौकटी माश्यांनी झाकल्या आहेत?
२. ताजी अंडी दिसतात का?
३. खायला मध किंवा पाक आहे का?
४. तळाशी चुरा किंवा जाळं आहे का?
५. दारासमोर गांधीलमाश्या किती?

पहिल्या प्रश्नाचा आकडा दोन आठवडे सलग घसरला, तर तिसऱ्या आठवड्याची वाट बघू नका. दार लहान करा, खाणं द्या, जास्तीची पोळी काढा. पावसाची झड असेल त्या दिवशी पेटी उघडू नका. बाहेरून दार आणि स्टँड बघून या.

सुरुवात कुठून करायची?

पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वरला राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, आणि तिथून जवळचं मांघर २०२२ मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. प्रशिक्षण घ्या, आणि तिथे मध किती निघतो हे विचारताना आणखी एक विचारा: "इथे पावसाळ्यात पेट्या कशा राखतात?" त्या उत्तराचे पैसे तुम्हाला दरवर्षी मिळत राहतील.

पहिल्या वर्षी २ ते ५ पेट्यांनीच सुरुवात करा. एक पूर्ण पावसाळा त्या राखून दाखवा, मगच संख्या वाढवा. कर्ज काढून एकदम ५० पेट्या घेण्यापेक्षा हा रस्ता हळू आहे, पण पुढच्या उन्हाळ्यात जांभूळ फुलेल तेव्हा तुमच्या पेट्या भरलेल्या असतील.

तुमच्या भागात पेट्यांना सगळ्यात जास्त त्रास कोणाचा होतो, ते कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटूया पुढच्या लेखात!