कोड दिसला म्हणून सेन्सर बदलू नका!

पाऊस उघडलाय, वाफसा आलाय आणि नेमका त्याच सकाळी ट्रॅक्टर रुसतो. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, एक आकडा झळकतो. मेकॅनिक येतो, 'सेन्सर गेला' म्हणतो, नवा बसवतो. दोन दिवसांनी पुन्हा तोच दिवा! पैसे गेले ते गेले, पेरणीही लांबली. शेतकरी बंधूंनो, अशा वेळी घाई करू नका.

१ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना धुराचे 'ट्रेम-४' निकष लागू झाले. त्यामुळे या ट्रॅक्टरांत कंप्युटरवर चालणारी इंजिने आली. बिघाड दिसला की हा कंप्युटर कोड देतो. बऱ्याच यंत्रांत कोडचे दोन आकडे असतात. पहिला भाग सांगतो : १०० म्हणजे ऑइलचा दाब, ११० म्हणजे इंजिनच्या पाण्याचे तापमान. दुसरा बिघाडाचा प्रकार सांगतो : ३ म्हणजे व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे कमी, ५ म्हणजे सर्किट तुटलेले.

आता समजा ११० आणि ३ आला. सेन्सर खराब असेलही. पण उंदराने वायर कुरतडली किंवा कपलर निसटला, तरी हाच कोड येतो. म्हणून आधी वायर हाताने चाचपा, कपलर उघडून पाणी, गंज आहे का ते पाहा.

त्याहीआधी बॅटरी. साधा डिजिटल मीटर घरात असू द्या. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरची चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ किंवा खाली असेल तर ती उतरली समजा. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ हवेत, १२.५ वरच थांबले तर चार्जिंग होत नाही. बॅटरी कमजोर असली की एकदम चार-पाच कोड येतात, त्यांच्यामागे धावू नका.

अर्थिंगही तपासा. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दाखवले तर अर्थिंगची पट्टी खोला, घासा, आवळा. खर्च शून्य!

तीन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळा. फ्यूज उडाला तर तार गुंडाळू नका. तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घाला, नाहीतर वायरिंग जळेल. इंजिन चालू असताना बॅटरी काढू नका. वेल्डिंग करताना बॅटरी जोडलेली ठेवू नका. काढताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनाही एक सांगणे. पंचायतीच्या गाडीचे दुरुस्तीचे बिल समोर आले, की कोड कोणता होता, व्होल्टेज किती होते आणि जुना भाग कुठे आहे, हे विचारा. मगच सही करा.

आणि बंधूंनो, कोड पुसण्याआधी तो वहीत तारखेसह लिहून ठेवा. पुसलेला कोड मेकॅनिकला काहीच सांगत नाही. हे सारे पेरणीच्या सकाळी नको, आजच मोकळ्या वेळी एकदा करून बघा.