मुले नकाशा शिकतात. त्याचा शेतीला उपयोग काय?



विद्यापीठात 'जीआयएस', म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली, हा विषय शिकवतात. पोरं त्याला जायचं म्हणतात आणि घरचे विचारात पडतात. म्हणून ही माहिती.

गावाचा नकाशा तुम्ही पाहिलेला आहे. त्यावर एक पारदर्शक कागद ठेवून जमिनीचा प्रकार काढा. दुसऱ्यावर उतार व ओढे, तिसऱ्यावर विहिरी, चौथ्यावर उभी पिके. सगळे कागद एकमेकांवर नेमके बसवले, की कुठल्याही गटाची माहिती एका नजरेत दिसते. हेच काम संगणकावर करणे म्हणजे जीआयएस.

पिकांची माहिती उपग्रहावरून मिळते. युरोपने २०१५ व २०१७ साली सोडलेल्या 'सेंटिनेल-२' उपग्रहांची चित्रे फुकट मिळतात. चित्रातला एक ठिपका १० मीटर लांब, १० मीटर रुंद. म्हणजे जवळजवळ एक गुंठा! निरोगी पान डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण जास्त परत फेकते, सुकणारे पान कमी. त्यावरून सोयाबीन कुठे माना टाकतंय ते कळतं. मात्र ढग आले की खालचं दिसत नाही. शिवाय पाण्याची ओढ आहे की रोग, हे शेतात उतरूनच ठरवावे लागते.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात बालाघाटामुळे काही पाणी तेरणा-मांजरेतून गोदावरीकडे, तर काही सीना-बोरीतून भीमेकडे जाते. नालाबांध किंवा शेततळे कुठे घ्यावे, हे उतार, माती आणि खडक एकत्र पाहून ठरते. जागा चुकली, तर पाणी थांबत नाही आणि पैसा मातीत जातो.

पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या भूगोल विभागात पदवीनंतर या विषयाची एम.एस्सी. करता येते. मुंबईच्या आय.आय.टी.त यासाठी १९७६ पासून केंद्र आहे. नकाशे, मोजणी, उपग्रह-चित्रे, संगणक आणि गणित असा हा अभ्यास आहे. नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र हेच काम करते.

फी भरण्याआधी अभ्यासक्रमाची मान्यता तपासा. भूगोलाची आवड असलेल्या मुलीलाही मागे ठेवू नका. आणि शिकणाऱ्या पोरांना सुट्टीत शिवार फिरवा. ओढा पूर्वी कुठून वाहायचा, कुठली विहीर उन्हाळ्यात टिकते, हे तुम्हीच सांगू शकता. ते नकाशावर चढले, तरच नकाशा खरा.