अंगणातील दुर्बीण : लावावी कशी, पाहावे काय

रोहिणी बरसल्या की नाही, मृग कधी निघाला, हस्ताने किती हात दिला, हे तुमच्या घरात लहान पोरालाही ठाऊक असते. पण आकाशाकडे बोट करून मृग नक्षत्र दाखवा म्हटले, तर पुष्कळ घरांत एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले जाते. यात दोष कुणाचा नाही. जूनच्या ७-८ तारखेला मृग निघाला असे आपण म्हणतो, तेव्हा सूर्य त्या नक्षत्रात आलेला असतो. सूर्याच्या झगमगाटात बुडालेले नक्षत्र दिसणार कसे? ते पाहावयाचे तर पेरणीच्या दिवसांत नव्हे, हरभऱ्याला घाटे धरतात त्या पौष-माघाच्या रात्री.

हे सांगण्याचे कारण असे की, अलीकडे खेड्यापाड्यांतही दुर्बिणी येऊ लागल्या आहेत. कुठे शाळेला भेट मिळते, कुठे मुलाच्या हट्टापायी वडील शहरातून घेऊन येतात. पहिल्या रात्री सारी आळी गोळा होते. तास-दीड तास खटपट होते, कुणाला काळोख दिसतो, कुणाला स्वतःच्याच पापण्या, आणि दुसऱ्या आठवड्यात दुर्बीण माळ्यावर जाते. मुलगा हिरमुसतो, पैसे पाण्यात गेले म्हणून वडील चिडतात. बहुतेक वेळा दुर्बीण चांगली असते, ती नीट लावलेली नसते इतकेच. पाभर नीट बांधली नाही, तर बियाणे कितीही उत्तम असले तरी तास वाकडेच जाणार.

अशा घरगुती दुर्बिणी बहुधा आरशाच्या असतात. नळीच्या तळाशी खोलगट आरसा असतो. तो ताऱ्याचा उजेड गोळा करून परत वर पाठवतो; तोंडाजवळ एक छोटा तिरपा आरसा तो बाजूला वळवतो आणि तिथे बसवलेल्या नेत्रिकेतून आपण पाहतो. म्हणून या दुर्बिणीत डोळा मागच्या टोकाला न लावता पुढच्या बाजूला कडेने लावावा लागतो. ही रचना न्यूटनची. त्याने १६६८ साली जेमतेम वीतभर लांबीची अशी पहिली दुर्बीण धातूचा आरसा घासून केली. पुणे जिल्ह्यात घोडेगावजवळ गिरवली येथे आयुका संस्थेची मोठी दुर्बीण आहे, तिचाही आरसाच, पण दोन मीटर रुंदीचा.

आपल्या उदाहरणाला ११४ मिलिमीटर आरशाची, ९०० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण घेऊ. नाभीय अंतर म्हणजे आरशापासून जिथे चित्र उमटते तिथवरचे अंतर. अंधाराला सरावलेल्या डोळ्याच्या बाहुलीपेक्षा हा आरसा सुमारे २६० पट अधिक उजेड गोळा करतो. खरी किंमत या उजेडाला आहे. खोक्यावर "६०० पट मोठे दिसते" असे छापलेले असेल तर त्यावर जाऊ नका. बैल घेताना आपण रंगवलेली शिंगे पाहून घेत नाही. किती पट मोठे दिसेल ते नेत्रिकेवर ठरते. ९०० ला नेत्रिकेवरच्या आकड्याने भागावे: २५ ची नेत्रिका लावली तर ३६ पट, १० ची लावली तर ९० पट. आरशाच्या मिलिमीटरच्या दुपटीपुढे, म्हणजे इथे २२८ पटींच्या पुढे, नुसता धूसर गोळा मोठा होत जातो. आणखी एक सावधगिरी: नळी जेमतेम हातभर आणि वर आकडा १००० मिलिमीटरचा, अशी दुर्बीण नवख्याने टाळावी. तिच्यात नेत्रिकेच्या नळीत एक जादा भिंग घातलेले असते आणि तिचे आरसे जुळवणे मोठे जिकिरीचे.

दिवसाउजेडी करावयाची कामे

दुर्बीण प्रथम रात्री लावू नये. संध्याकाळी, सूर्य मावळता मावळता, ती अंगणात मांडावी. बांधबंदिस्तीच्या वेळी डम्पी लेव्हल कशी मांडतात ते ज्यांनी पाहिले असेल, त्यांना तिपाई मांडण्याविषयी वेगळे सांगावयास नको. पाय पुरते लांबवू नयेत. आखूड पाय कमी हलतात. टोके मातीत दाबून बसवावीत. स्लॅबवर किंवा पत्र्याजवळ मांडू नये, कारण दिवसभर तापलेला स्लॅब अर्धी रात्र वाफा सोडत असतो आणि त्या वाफेत तारा नुसता लवलवतो. खळे, मोकळे अंगण किंवा गवताची जागा उत्तम.

बैठकीला कललेला आस आणि वजनाचा गोळा असेल, तर गाडी उलाळ होऊ नये म्हणून आपण ओझे पुढे-मागे करतो, तसा गोळा दांडीवर सरकवून तोल साधावा. हात सोडला तरी नळी आहे तिथे राहिली पाहिजे. त्या आसाचे वरचे टोक ध्रुवाकडे करावे. ध्रुव आपल्याकडे फार उंच नसतो. जितके गावाचे अक्षांश, तितके अंश तो उत्तर क्षितिजाच्या वर: कोल्हापूरला सुमारे १७, नाशकात २०, नागपुरात २१. हात ताठ करून मूठ धरली तर मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते, म्हणजे दोन मुठींच्या आसपास शोधावा. बैठकीवरच्या अंशपट्टीवर तो आकडा लावला की पुष्कळ झाले.

दुसऱ्या प्रकारच्या बैठकीत आस, गोळा काहीच नसते. लाकडी पेटीत नळी ठेवायची, वर-खाली आणि गोल फिरवायची. माझे मत विचाराल तर नवख्याला हीच बरी. जॉन डॉब्सन नावाचे एक अमेरिकन गृहस्थ १९४४ ते १९६७ या काळात सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत, म्हणजे रामकृष्ण संघाच्या शाखेत, संन्यासी होते. जवळ पैसा नाही. त्यांनी जहाजाच्या खिडकीची जाड काच घासून आरसा केला, पुठ्ठ्याची नळी आणि प्लायवुडची पेटी जोडली. मठ सुटल्यावरही ते वर्षानुवर्षे रस्त्याच्या कडेला दुर्बीण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवीत राहिले. त्या पेटीला आज जगभर त्यांच्याच नावाने ओळखतात.

आता सर्वांत महत्त्वाचे काम. मोठ्या नळीवर एक छोटी शोधक दुर्बीण असते. तीत उभी-आडवी रेघ किंवा तांबडा ठिपका असतो. २५ ची नेत्रिका लावून मोठ्या नळीतून दूरची एखादी वस्तू धरावी: शिवेपलीकडच्या देवळाचा कळस, मोबाईलचा मनोरा, निदान एक किलोमीटर लांब. ती नेत्रिकेच्या मधोमध आली की नळी घट्ट करावी आणि शोधकाचे स्क्रू फिरवून तीच वस्तू रेघांच्या छेदावर आणावी. कळस उलटा दिसेल; त्यात बिघाड नाही, ताऱ्यांना वर-खाली नसते. माझ्या पाहण्यात आलेल्या दहा तक्रारींत नऊ या एका कामाच्या अभावी होत्या. ३६ पटीला आकाशाचा दीडेक अंशाचा तुकडा नेत्रिकेत मावतो. शोधक जुळलेला नसेल, तर त्या छिद्रातून चंद्रसुद्धा चुकतो.

रात्री पाहताना

दुर्बीण पाऊण-एक तास आधी बाहेर काढून ठेवावी, म्हणजे आरसा हवेइतका थंड होतो. अंगणातला दिवा घालवावा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात आणि मोबाईलच्या एका लखलखाटाने ती मोडते, म्हणून विजेरीवर लाल पातळ कागद बांधावा. प्रत्येक वस्तू आधी मोठ्या आकड्याच्या, म्हणजे कमी पटीच्या नेत्रिकेतून धरावी. मधोमध आल्यावरच १० ची लावावी. ९० पटीला तारा दोनेक मिनिटांत कडेला निघून जातो. कुणी धक्का दिला म्हणून मुलांवर ओरडू नका, पृथ्वी फिरते आहे.

चंद्र पौर्णिमेला पाहू नये. तेव्हा तो सपाट थाळीसारखा दिसतो. शुद्ध पंचमी ते दशमीपर्यंत उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात आणि कडे-कंगोरे उठून दिसतात. शहरातल्या हौशी लोकांना चंद्राची कला पुस्तकात शोधावी लागते. तुमच्या घरी तिथी तोंडपाठ असते. गुरू-शनी कोणत्या राशीत आहेत तेही पंचांग सांगते. गुरूच्या दोन्ही अंगांना एका ओळीत चार ठिपके दिसतील. हेच चंद्र गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये पाहिले होते. दुसऱ्या रात्री पुन्हा पाहा, त्यांनी जागा बदललेल्या असतील. मुलाला चार रात्री ते वहीत काढायला लावा. शनीची कडी २०२५ च्या मार्चमध्ये आपल्याकडे काठाने वळली होती, त्यामुळे त्या सुमारास ती जवळजवळ नाहीशी झाली; त्यानंतर ती वर्षागणिक उघडत चालली आहेत. त्यासाठी ९० पट लावावीत.

अमावास्येच्या आगेमागे मात्र आपल्या काळ्याभोर आकाशाचे चीज करावे. कृत्तिकांचा पुंजका साध्या डोळ्यांना सहा ताऱ्यांचा. नेत्रिकेत मावणार नाहीत इतके तारे तिथे निघतात. आणि तो मृग! चार ताऱ्यांचा चौकोन म्हणजे हरणाचे पाय, मधल्या तीन ताऱ्यांचा बाण आणि पलीकडे लखलखणारा व्याध. बाणाच्या दक्षिणेला मंद ताऱ्यांची एक छोटी ओळ लोंबते, तिच्या मध्यावर दुर्बीण धरा. धुक्याचा एक फिकट पंखा दिसेल. तो वायू आणि धुळीचा ढग असून तिथे नवे तारे जन्मत आहेत. त्याचा उजेड इथवर यायला सुमारे १,३०० वर्षे लागतात. चित्रातल्यासारखे लाल-निळे रंग मात्र दिसणार नाहीत. ते कॅमेऱ्याला दिसतात, डोळ्याला राखीच दिसते. सरळ टक लावण्यापेक्षा किंचित बाजूला पाहिले तर मंद गोष्ट अधिक स्पष्ट होते.

जपावयाचे ते डोळे

दुर्बीण सूर्याकडे कधीही, क्षणभरही धरू नये. डोळा कायमचा जातो, आणि जाताना दुखतही नाही. जुन्या संचात नेत्रिकेला लावायची काळी "सूर्यकाच" येत असे. ती उष्णतेने तडकते, म्हणून मिळाली तर फेकून द्या. सूर्यासाठी नळीचे तोंड पुरते झाकणारी खास गाळणीच लागते. दिवसा नळी उघडी पडून राहिली आणि ऊन आरशावर आले, तर जवळच्या कडब्याला किंवा गवताला आगही लागू शकते. झाकण लावल्याशिवाय उठू नये.

आरसा धोतराच्या सोग्याने पुसू नये. त्याचा मुलामा काचेच्या वरच्या बाजूला असतो, एका पुसण्यात ओरखडे उठतात. थोडी धूळ बसली तर नजरेला काही फरक पडत नाही. रबरी फुग्याने फुंकर घालावी इतकेच. तारा मुद्दाम धूसर केला की गोल चकती दिसते. तिच्यातला काळा ठिपका मधोमध नसेल तर तळच्या आरशामागचे तीन स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून तो मध्ये आणावा.

पावसाळ्यात आरशावर बुरशी धरते. मृगाचा पाऊस लागण्यापूर्वी आरसा-नेत्रिका कोरड्या करून, सिलिका जेलच्या पुड्या घालून, नळी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पेटीत ठेवावी. पुड्या ओलावल्या की बदलाव्यात. दसऱ्याच्या सुमारास आभाळ धुऊन निघाल्यावर पेटी उघडाल, तेव्हा आधी एखाद्या संध्याकाळी कळसावर शोधक पुन्हा जुळवून घ्यावा.