पाटा नरम करायचा तर घाई नको



मृग तोंडावर आला की घरोघरी अवजारांची डागडुजी निघते. ट्रकचा जुना पाटा भंगारातून आणायचा, गॅसने वीतभर तुकडा कापून घ्यायचा आणि त्याची कोळप्याला पास करायची, असा बेत पुष्कळजण करतात. पोलाद उत्तम, पैसे थोडे. पण बोल्टसाठी भोक पाडायला बसलं की ड्रिल कुईकुई करतं, त्याचं टोक निळं पडतं आणि पाट्यावर नुसता चकचकीत ठिपका उठतो. अशी दोन-तीन ड्रिलं गेली की स्वस्तातला पाटा महागात पडला म्हणायचा.

यावर उपाय म्हणजे पाटा आधी नरम करावा, भोके पाडावीत, आकार द्यावा आणि मग त्याला पुन्हा कडक करावे. काम घरच्या भात्यावर होण्यासारखे आहे. मात्र ते बिघडते कुठे, हे आधी समजून घ्या.

पोलाद कडक का होते?

साधे लोखंड आणि पोलाद यांत फरक कार्बनचा. शंभर किलो साध्या अँगल-पट्टीत कार्बन पाव किलोच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. पाट्याच्या पोलादात तो अर्ध्या किलोच्या वर असतो, तर कानशीत किलोभर किंवा त्याहून जास्त. पोलाद लाल तापले की हा कार्बन लोखंडात विरघळतो, जसा कढत पाण्यात गूळ. मग ते झटकन निववले तर कार्बन आतच अडकून बसतो आणि पोलाद कडक, ठिसूळ होते. सावकाश निववले तर कार्बनला वेगळे व्हायला सवड मिळते आणि पोलाद नरम पडते.

तेव्हा नुसत्या विस्तवाने पोलाद नरम होत नाही. विस्तवानंतर ते सावकाश निवावे लागते. बहुतेकांचे काम इथेच फसते.

काम असे करावे

१. तेलाचा रिकामा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा घ्या. चुलीची राख चाळून, उन्हात खडखडीत वाळवून त्यात भरा. कोकणात भाताच्या तुसाची राख मिळते, ती फारच चांगली.

२. भट्टी सावलीत लावा. उन्हात तापल्या लोखंडाचा रंग कळत नाही, आहे त्याहून कमी तापल्यासारखे वाटते.

३. भाता हळू चालवा. तुकडा उलटसुलट करत सगळीकडे सारखा तापवा. डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल झाला की जुन्या रेडिओच्या स्पीकरमधला लोहचुंबक तारेला बांधून क्षणभर टेकवून बघा. चिकटला तर अजून तापायचे आहे. साधारण ७७० अंश सेल्सिअसला पोलाद लोहचुंबकाला धरीनासे होते. तिथून रंग किंचित उजळेपर्यंत तापवा आणि पाच-दहा मिनिटे तसाच ठेवा.

४. सांडशीने उचलून लगेच राखेत पुरा. वर, खाली, बाजूला चार-चार बोटे राख हवी. रात्रभर हलवू नका, उकरून बघू नका.

सकाळी कानस मारून पाहा. कानस चावली तर नरम झाला. घसरली तर पुन्हा पहिल्यापासून.

बिघडते ते कशाने?

राख ओली: ओलसर राख किंवा वाळू म्हणजे जवळजवळ पाणीच. पाटा नरम होण्याऐवजी जास्त कडक होतो.

तुकडा पातळ: पातळ पाते राखेत जाईपर्यंतच निवते. त्याच्याबरोबर जाड लोखंडाचा एक ठोकळा लाल करून दोन्ही एकमेकांना टेकवून पुरावेत.

फक्त भोकाची जागा तापवणे: गॅसच्या टॉर्चने तेवढाच ठिपका लाल करून सोडला तर भोवतालचे थंड लोखंड उष्णता ओढून घेते आणि तो ठिपका कडक होतो. गॅसने कापलेली कडही अशीच कडक झालेली असते. म्हणून सबंध तुकडाच तापवावा.

फाजील तापवणे: रंग पिवळा-पांढरा होऊन ठिणग्या उडू लागल्या तर पोलाद जळाले. ते सुधारत नाही. तो तुकडा भंगारात टाका.

फार वेळ विस्तवात ठेवणे: वरच्या थरातला कार्बन जळून जातो. कानस वरवर चावते, पण पुढे त्या थराला धार टिकत नाही. म्हणून जाडी थोडी जास्त ठेवावी आणि काळी खपली व वरचा थर घासून काढावा.

चुकीचे पोलाद: बेअरिंगच्या कड्यांत क्रोमियम असते, त्या राखेतही पुरत्या नरम होतीलच असे नाही. कारखान्यातल्या यांत्रिक करवतीचे हाय स्पीड पोलादाचे पाते तर नुसत्या वाऱ्यावरही कडक होते. त्यांच्या नादी लागू नका.

नरम पास शेतात नेऊ नका

नरम पास दगडाला लागली की वाकते, धार बसते. भोके पाडून झाली की पुन्हा तितकीच तापवा आणि कोमट तेलात बुडवा. आपण ‘पाणी पाजणे’ म्हणतो खरे, पण पाट्याला पाणी मानवत नाही, त्याने तडा जातो. तेल लोखंडी भांड्यात घ्या, झाकण हाताशी ठेवा. भडका उडाला तर झाकण घाला, पाणी ओतू नका.

एवढ्यावर थांबू नका. आता पास काचेसारखी ठिसूळ असते, दगडावर तुटून तुकडा डोळ्यात जाईल. ती घासून चकचकीत करा आणि निखाऱ्यावर पाठीकडून हळूहळू शेका. रंग पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा असा चढत जातो. धार जांभळी आणि भोकांची बाजू निळी झाली की काढून घ्या.

जिवाला जपा

दोन्ही तोंडे बंद असलेली नळी किंवा जुना शॉकॲब्सॉर्बर भट्टीत घालू नका, स्फोट होतो. जस्ताचा मुलामा असलेले लोखंड तापवू नका, त्या धुराने ताप भरतो.

राखेचा डबा वरून गार दिसतो, पण आतला तुकडा कित्येक तास चटका देण्याइतका गरम असतो. डबा गोठा, कडबा आणि लेकरांपासून लांब ठेवा.

आणि ट्रॉलीच्या हुकाची पिन, ट्रॅक्टरच्या जोडाच्या पिना, गाडीचा आख यांना कधीही असे नरम करू नका. नरम पिन भरल्या ट्रॉलीखाली वाकते आणि उतारावर ट्रॉली सुटते. असा भाग नवाच आणावा.

रेडिओवर सगळे सांगायला वेळ पुरत नाही, म्हणून हे पत्रक भात्याजवळ खुंटीला अडकवून ठेवा. राख कोरडी, आच सारखी आणि रात्रभर धीर, एवढे सांभाळलेत की तुमचे ड्रिलही वाचेल आणि पासही हंगामभर साथ देईल.