उत्तर नको, पायरी दाखव

"गणिताचा गृहपाठ झाला का?" असे घरी विचारले की मूल "झाला" म्हणून मोकळे होते. वही उघडली तर उत्तरेही बरोबर असतात. ती आली कशी, हे मात्र त्याला सांगता येत नाही, कारण ती गाइडातून उतरवलेली असतात. दहावीला बीजगणित आणि भूमितीचे प्रत्येकी ४० गुणांचे लेखी पेपर असतात. तिथे नुसत्या उत्तराला नव्हे, पायऱ्यांनाही गुण असतात. गणित राहिले, शाळा सुटली आणि हाती घमेले आले, अशी मुले सिल्लोडच्या आपल्या वस्त्यांत आपण पाहतोच.

"आम्हीच शिकलो नाही, आम्ही काय सांगणार?" असे पालक आम्हाला म्हणतात. आमचे म्हणणे असे, की हे गणित तुमच्या कामातलेच आहे.

कापूस वेचणीचे उदाहरण घ्या. आई आणि मावशीने मिळून ७० किलो कापूस वेचला. आईचा मावशीपेक्षा २० किलो जास्त भरला. तर प्रत्येकीचा किती? जे माहीत नाही त्याला नाव द्यायचे. मावशीचा कापूस क्ष किलो, म्हणजे आईचा क्ष + २०.

क्ष + क्ष + २० = ७०
२क्ष + २० = ७०
२क्ष = ५०
क्ष = २५

मावशीचा २५ किलो, आईचा ४५ किलो. आता ताळा करा: २५ + ४५ = ७०. काही मुले सत्तरचे निम्मे ३५ करून त्यात २० मिळवतात. मग ३५ आणि ५५ मिळून ९० होतात. चूक ताळ्यातच सापडते.

तिसऱ्या ओळीत वीस कुठे गेले? मुले पाठ म्हणतात, "बाजू बदलली की चिन्ह बदलते." पण का? समीकरण म्हणजे तराजू. दोन्ही पारड्यांतून वीस-वीस किलो काढले, तरी काटा मधोमधच राहतो. हे एकदा समजले की पाठांतर लागत नाही.

भूमितीचे तसेच. पाया आखताना गवंडी कोपऱ्यापासून एका दोरीवर ३ फुटांवर आणि दुसरीवर ४ फुटांवर खूण करतो. दोन खुणांमधले अंतर ५ फूट भरले की कोपरा काटकोनात आला. पुस्तकात हा पायथागोरसच्या सिद्धांताचा व्यत्यास आहे. काटकोन आहे म्हणून वर्गांची बेरीज जुळते, हा सिद्धांत. बेरीज जुळते म्हणून काटकोन आहे, हा व्यत्यास. कारण लिहिताना मुले इथेच गोंधळतात.

आता गृहपाठातले उदाहरण. काटकोन करणाऱ्या बाजू ६ आणि ८ मीटर, तर कर्ण किती? सहाचा वर्ग ३६, आठचा ६४, बेरीज १००. शंभराचे वर्गमूळ १०, म्हणून कर्ण १० मीटर. मुलाने ६ + ८ = १४ लिहिले, तर त्याला विचारा, "शेताच्या दोन बांधांनी फिरून जाणे आणि तिरके जाणे, जवळचे काय?" तिरकी वाट १४ भरणारच नाही, हे त्याला आपोआप कळेल.

बाबासाहेबांना एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी गणित सोडवायला फळ्यावर बोलावले, तेव्हा विटाळ होईल म्हणून फळ्यामागे ठेवलेले डबे उचलायला वर्गातली मुले धावली होती. त्याच शाळेतून १९०७ साली ते मॅट्रिक झाले. ज्या फळ्यापर्यंत जाणे इतके अवघड होते, तिथे आपल्या मुलांनी उतरवलेले उत्तर घेऊन का उभे राहावे?

म्हणून पालकांनी रोज अर्धा तास टीव्ही आणि मोबाईल बंद करून मुलांजवळ बसावे आणि तीन प्रश्न विचारावेत. काय दिले आहे? काय काढायचे आहे? या ओळीवरून पुढची ओळ कशी आली? हे विचारायला अक्षरओळखही लागत नाही. वहीतल्या ओळीवर नुसते बोट ठेवायचे. मूल अडखळले तर रागावू नका. नेमकी ती ओळ उद्या शाळेत गुरुजींना विचारायला सांगा.